हातभर उंचीवरून पडलेला माणूस

हेलिकॉप्टरमधून पडलो असं सांगितलं की लोक आधी उंची विचारतात, पायाचं मागाहून. पूर्वी मी "होती बरीच" म्हणून वेळ मारून न्यायचो. आता साठी उलटली, लपवून मिळवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा सांगून टाकतो. हातभर. जळमटं काढायला स्टुलावर चढलेला माणूस माझ्यापेक्षा उंचावरून पडतो आणि कमरेला तेल चोळून संध्याकाळी बाजारात जातो. मी मात्र त्या हातभर उंचीवरून पडून पाच महिने आडवा होतो.

हे लिहितोय ते हाडाच्या वॉर्डात पाठीवर पडून छताकडे बघणाऱ्यांसाठी. औषधोपचाराचं मला विचारू नका, ते डॉक्टर सांगतील. पडून राहण्यातलं मात्र मला थोडं कळतं, आणि त्यात काय करू नये हे तर पुष्कळच कळतं, कारण करू नये ते सगळं मी क्रमाने केलं.

*

पंच्याऐंशी सालचा पावसाळा. सिरोंच्याच्या जंगलात सागावर अळी पडली होती. ही अळी पानाची नुसती जाळी ठेवते, हिरवं सगळं खाऊन टाकते. तिच्यावर वरून औषध फवारायचं काम आमच्या छोट्या कंपनीने घेतलं होतं. कंपनीकडे दोन माणसांचं एक हेलिकॉप्टर, पुढे काचेचा फुगा आणि खाली चाकांऐवजी दोन लांब नळ्या. माणसं तीन: कॅप्टन, मेकॅनिक आणि मी. माझं पद पायलटचं आणि काम औषधाची पिंपं ढकलायचं. विमानाचं लायसन मी सरकारी शिष्यवृत्तीवर नागपूरच्या फ्लाइंग क्लबात काढलं होतं, पण हेलिकॉप्टर शिकून जेमतेम दोन महिने झाले होते. कॅप्टन मला स्वतःच्या शेजारी बसवून नेत. दांड्याला हात लावू देत, तोही सरळ जाताना.

मग कॅप्टन चार दिवसांसाठी नागपूरला गेले. दमट हवेत इंजिन नुसतं बसून राहिलं की खराब होतं, म्हणून रोज सकाळी ते दहा मिनिटं चालवायचं, एवढं काम मला दिलं. फक्त चालवायचं, जमिनीवरून उचलायचं नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. दुसऱ्यांदा बजावताना माझ्या डोळ्यांत बघितलं. मेकॅनिक विश्रामगृहावर हिवतापाने कुडकुडत पडला होता. म्हणजे अडवणारं कुणी उरलं नाही.

हेलिकॉप्टर उभं असायचं लाकूड डेपोच्या मोकळ्या जागेत, सागाच्या ओंडक्यांच्या थप्प्यांमध्ये. राखणीला मल्लाभाऊ होता. हा मूळचा डोंगा चालवणारा. नदीला पूर असला की उतारू कमी, म्हणून रोजीने राखणीला लागलेला. पन्नाशीचा, काटक, घरी तेलुगू बोलणारा, जंगलातल्या लोकांशी गोंडी आणि सरकारी माणसाशी आपली झाडीपट्टीची मराठी. पहिल्या संध्याकाळी मी त्याची गंमत करायची म्हणून गंभीर तोंड करून म्हणालो, "मल्लाभाऊ, हे जनावर मोकळं सोडलं तर एकटंच उडून जातं बरं. सकाळी सापडलं नाही तर तुझ्याच डोंग्यात बसून शोधावं लागेल."

तो हसला नाही. त्याने यंत्राकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मान हलवली. मला वाटलं, गड्याला विनोद कळला नाही.

नदीवरचा माणूस. वाहून जाणारी वस्तू रात्री सांभाळायची म्हणजे काय करायचं, हे त्याच्या सात पिढ्यांना ठाऊक होतं. त्याने डोंग्याचा दोर आणला आणि डावीकडच्या नळीचं मागचं टोक एका ओंडक्याला बांधून टाकलं. पूर आला तरी सुटू नये अशी गाठ मारली. ओंडका असा की तो हलवायला हत्ती लागला असता.

आता खरं तर यातही काही बिघडत नव्हतं. वादळवाऱ्यात हेलिकॉप्टर बांधून ठेवतातच. म्हणूनच चालू करण्याआधी यंत्राभोवती हात लावत एक फेरी मारायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. पण सकाळी मी डेपोवर पोचलो तर शे-दीडशे माणसं जमलेली. हमाल, त्यांच्या बायका, शाळेतली पोरं, एक म्हातारी तर पाट घेऊन येऊन बसलेली. एवढ्या लोकांसमोर पायलटने वाकून वाकून नळ्या चाचपायच्या म्हणजे बैल विकत घेणाऱ्यासारखं दिसतं. मी फेरी मारली नाही. आकाश काळंभोर भरलेलं असताना काळा गॉगल घातला आणि सरळ आत जाऊन बसलो.

दहा मिनिटं इंजिन चाललं. लोक बघत होते. पाटावरची म्हातारी शेजारणीला काहीतरी म्हणाली. ती काय म्हणाली असेल ते माझं मीच ठरवलं: हे नुसतं ओरडतं, उडत नाही. मग मी विचार केला की एक वीतभर उचलून पुन्हा टेकवावं, कॅप्टनना कोण सांगतंय. तेवढ्यात नदीकडून मल्लाभाऊ पळत येताना दिसला. दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवत होता.

मीही त्याला हात केला.

आणि उचललं. उजवी बाजू वर आली, डावी आली नाही. पुढचं सगळं पेला लवंडतो तेवढ्या वेळात झालं. पाती जमिनीला लागून तुटली, काचेचा फुगा फुटला आणि दाराची चौकट माझ्या डाव्या नडगीवर बसली. लोकांपैकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही, ही त्या दिवसातली एकमेव चांगली गोष्ट, आणि तिच्यात माझा काही हात नव्हता.

*

उत्तरेकडचा रस्ता नाल्यांनी तोडला होता. मोठा दवाखाना जवळ होता तो नदीच्या पलीकडे आंध्रात, मिशनऱ्यांचा. मला खाटेवर घालून घाटावर नेलं आणि मल्लाभाऊच्या डोंग्यात आडवं टाकलं. पात्र तट्ट भरलेलं. लाल पाण्यातून झाडं वाहत येत होती आणि तो बांबू टेकवत, तेलुगूत नदीला शिव्या देत डोंगा तिरपा तिरपा काढत होता. मध्येच थांबून माझ्याकडे बघून म्हणाला, "दोर मी बांधलो." मी दातावर दात दाबून पडलो होतो. तो पुन्हा म्हणाला, "मी बांधलो, बाबू."

त्यावर काहीतरी गंमतीचं बोलायला हवं होतं. जन्मभर मी तेच करत आलो. सुचलं नाही. फेरी मी मारली नाही, एवढंही त्याला सांगितलं नाही. ते आठवडाभराने कंपनीच्या माणसाला सांगितलं. तो कागद घेऊन आला तेव्हा मी लिहून दिलं की दोर बांधणं राखणदाराचं काम होतं आणि बघणं माझं. त्या सगळ्या काळात मी खरं लिहिलेला तो एकच कागद. घरी कळवलंय का, असं त्याने जाताना विचारलं. मी हो म्हणालो. तो सुटल्यासारखा निघून गेला आणि परत आला नाही.

*

वॉर्ड लांबट, सोळा खाटांचा. माझ्या टाचेच्या हाडातून सळई घालून तिला दोरी, दोरी कप्पीवरून पायथ्याशी, आणि टोकाला लटकवलेल्या विटा. नडगीवरची जखम उघडी, तिची रोज मलमपट्टी. पहाटे सिस्टर अंग पुसायला यायच्या, मग इंजेक्शन, मग भात, मग दुपार. दुपार हा त्या दवाखान्यातला सर्वांत मोठा विभाग होता.

नवीन पेशंटला दोन गोष्टी सांगतो. बेडपॅन मागायला लाजू नका. मी पहिले तीन दिवस लाजलो आणि चौथ्या दिवशी सगळ्या वॉर्डाला कळलं. दुसरं म्हणजे दुखऱ्या पायाला खाज सुटते तेव्हा आपण वेडे होतोय असं समजू नका, सगळ्यांना सुटते. एक केरळी सिस्टर विणायची सुई उकळून आणायची आणि पट्टीच्या कडेने हळूच फिरवायची. तिचं नाव मला कधी नीट कळलं नाही. तेवढं सुख मला पुढे कशात मिळालं नाही.

पण मुख्य दुखणं वेगळंच होतं. वॉर्डात सगळे तेलुगू. डॉक्टर इंग्रजी बोलायचे, ते दिवसाला दोन मिनिटं. सिस्टरची हिंदी मोडकी. मी बोलण्यावर जगणारा माणूस. क्लबात, मेसमध्ये, कंपनीच्या जीपमध्ये मी बसलो की लोक खुर्च्या ओढून जवळ यायचे. इथे मी तोंड उघडलं की लोक आदराने गप्प बसत आणि मी संपायची वाट बघत. तिसऱ्या दिवसानंतर मी बोलणं सोडलं. आपला आवाज आपल्याला नवा वाटावा इतके तास गप्प राहिलो.

शेजारच्या खाटेवर पोशय्या होता, ताडी उतरवणारा. तो ताडावरून पडून खुबा मोडून आलेला. त्याने माझ्यापाशी राहिलेल्या मल्लाभाऊकरवी विचारलं की हा साहेब आकाशातून किती उंचावरून पडला. मल्लाभाऊने त्याला हात लांब करून कोपरापासून बोटांपर्यंतचं अंतर दाखवलं. पोशय्या हसता हसता खुब्यात कळ येऊन ओरडायला लागला. अख्खा वॉर्ड हसला. मीही हसलो. पण माझ्या गोष्टीवर दुसऱ्याने हशा घेतला, हे मला दुपारभर टोचत राहिलं, यावरून माझी जात ओळखा.

चार ते सहा भेटीची वेळ. पोशय्याची बायको, दोन भाऊ, सासू आणि गावचे पाच-सात जण खाटेभोवती बसत. माझ्याकडची स्टुलं ते मागून नेत. मी खुशाल न्या म्हणून हात करायचो.

*

मल्लाभाऊ गेला नव्हता. तिथे प्रत्येक पेशंटसोबत माणूस लागे, जेवण करायला, पाणी आणायला. मागे एक पत्र्याची शेड होती, तिच्यात सगळ्यांच्या चुली. मला सोडून तो त्याच संध्याकाळी परतेल असं वाटलं होतं. तो शेडमध्ये चूल मांडून बसला. मी म्हटलं की तुझा डोंगा आहे, घर आहे, तू जा. त्याने माझा चांगला पाय पाण्याने पुसत सांगितलं, "आमच्या घरची रीत हाये. दुखणं असलेला माणूस डोंग्यात घातलो, तं त्याचे लोक घाटावर येत वरी त्याले सोडाचा नाई. माया बापानं बी सोडला नाई कोणाले."

मग विचारलं, "तुये लोक कुठी हायेत?"

चंद्रपूरला, म्हणालो. पत्र लिहितो, येतील.

माझे बाबा वीज केंद्रात बॉयलरवर ऑपरेटर. ऊर्जानगरला क्वार्टर. सकाळच्या कंपनीच्या बसमध्ये लोक त्यांना 'पायलटचा बाप' म्हणून जागा करून देत. आमच्या बौद्ध वस्तीतून माझ्याआधी कुणी विमानाच्या शिडीलाही हात लावला नव्हता. मी नीट उडालो तर तो माझा एकट्याचा पराक्रम ठरणार होता. पडलो तर 'यांना कशाला हे काम द्यावं' असं म्हणायला पुष्कळ जण टपलेले होते, आणि ते ऐकायला बसमध्ये बाबा एकटे असणार होते. हे एक कारण. दुसरं कारण लहान आणि जास्त खरं. घडलेल्या गोष्टीतली गंमत सापडल्याशिवाय ती कुणाला सांगायचीच नाही, ही माझी सवय. शाळेत नापास झालो तेव्हाही आधी नक्कल बसवली, मग निकाल सांगितला. या गोष्टीत गंमत सापडेपर्यंत थांबू, असं मी ठरवलं. पाय जुळेल, चालत घरी जाईन आणि मग सांगेन.

म्हणून पत्र लिहिलं ते असं: ती. बाबा व आईस सविनय जयभीम. मी मजेत आहे. रोज उडतो. वरून नदी फार सुंदर दिसते, डोंगे चिंचोक्यांसारखे दिसतात.

पत्रावर आंध्रचा शिक्का पडला तर पंचाईत. म्हणून मल्लाभाऊला म्हटलं, हे इथल्या पेटीत नको, नदीपलीकडे सिरोंच्यालाच टाक. त्याने ते डोक्याच्या फडक्यात गुंडाळलं, एवढी नदी ओलांडली, पेटीत टाकलं आणि परत आला. असं तीनदा. त्याला वाचता येत नव्हतं.

पहिल्या पत्रानंतर चौथ्या दिवसापासून तो घाटावर जायला लागला. सकाळचा डोंगा लागायची वेळ झाली की चूल तशीच ठेवून जायचा, दुपारच्यालाही जायचा. परत आला की खाटेच्या पायथ्याशी उभा राहून सांगायचा, "आज बी नाई आले." जणू चूक त्याची होती. मी म्हणायचो की रस्ते बंद असतील, रजा मिळाली नसेल. तो लगेच मान्य करायचा. कधी स्वतःच कारण शोधून आणायचा: नाल्यावर बस अडकली म्हणतात, उद्या सुटेल.

वॉर्डात कुणाशी बोलता येत नाही याचं दुःख मी फार केलं. ज्याच्याशी येत होतं त्याच्याशी मी काय बोललो ते हे.

*

दोन आठवड्यांनी जखमेला वास यायला लागला. हे मला नाकाने आधी कळलं नाही. पोशय्याच्या बायकोने एक दिवस आपलं स्टूल माझ्या बाजूने उचलून पलीकडे ठेवलं, तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी तिने न विचारता दोन्ही खाटांच्या मध्ये ऊद जाळला. मला लाज वाटू नये म्हणून नवऱ्याच्या उशाशीही थोडा जाळला.

मलमपट्टी करताना डॉक्टर आता बोलेनासे झाले. पूर्वी क्रिकेटचं विचारत. इंजेक्शनं बदलली. ताप संध्याकाळी चढायचा आणि सकाळी उतरताना अंगातलं काहीतरी घेऊन जायचा.

गुरुवारी सकाळी त्यांनी सांगितलं. विष वर चढायला लागलं तर पाय गुडघ्याखाली कापावा लागेल. सोमवारपर्यंत वाट बघू, त्यापुढे नाही. आणि घरच्या कुणाची सही पाहिजे. घरचे कधी येताहेत?

मी छताकडे बघितलं. मल्लाभाऊला इंग्रजी कळत नव्हतं, पण 'सोमवार' आणि पायाकडे गेलेला हात त्याला कळला. त्याने पुढे होऊन डॉक्टरांना तेलुगूत काही सांगितलं आणि तीन बोटं वर केली. तीन पत्रं गेलीत, येतीलच. ते सांगताना त्याचा आवाज मोठा झाला होता.

डॉक्टरांनी मला विचारलं, पत्रात अपघाताचं लिहिलंत ना?

मी म्हणालो, नाही.

 डॉक्टरांनी ते मल्लाभाऊला तेलुगूत सांगितलं. माझ्या तोंडून मराठीत ऐकण्याचाही मान मी त्याला दिला नाही. त्याने पायथ्याचा पाण्याचा तांब्या उचलला आणि बाहेर गेला.

दुपारी भात आला. मला टेकवून बसवायला कुणी नव्हतं. तो तसाच समोर राहिला आणि त्यावर माश्या बसल्या. पाय जाणार हे सकाळी ऐकलं तेव्हा मला भीती वाटली होती. त्या भाताकडे बघताना जे वाटलं त्याला भीती म्हणत नाहीत. मी इथे मेलो तर सिरोंच्याच्या शिक्क्याचं चौथं पत्र येत नाही म्हणून घरी आठ-दहा दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात येईल, एवढी व्यवस्था मी स्वतःच्या हाताने करून ठेवली होती.

चार वाजता भेटीची माणसं आली, त्यांच्या मागून मल्लाभाऊ आला. पोशय्याच्या भावाकडून स्टूल मागून घेतलं आणि पहिल्यांदाच माझ्या खाटेजवळ पाहुण्यासारखा बसला.

"काय लिवला होतास त्यात?"

मी सांगितलं. रोज उडतो. नदी सुंदर दिसते. डोंगे चिंचोक्यांसारखे दिसतात.

"मंग मी घाटावर काऊन उभा राह्यलो?"

तो हलक्या आवाजात, जवळजवळ स्वतःशी म्हणाला, "तुया बापाले मी कधी पाह्यलो नाई. तरी रोज हुडकून राह्यलो. हर डोंग्यात."

मी रडलो. बऱ्याच वर्षांनी रडत होतो, त्यामुळे ते मला नीट जमलं नाही आणि विटा हलल्या. सिस्टर धावत आली. मल्लाभाऊने एका हाताने विटा धरून ठेवल्या आणि मला रडू दिलं.

मग म्हणाला, "तार कर."

तारेचा मजकूर लिहायला मला एक तास लागला. आधी लिहिलं, किरकोळ अपघात, काळजी नको, रजा मिळाल्यास यावे. मल्लाभाऊने वाचून दाखव म्हटलं. मी मराठीत सांगितलं. तो म्हणाला, असं लिवला तं कोणी येत नाई. दुसऱ्या मजकुरात मी कुठेतरी विनोद घातला होता, तो आता आठवत नाही. तिसऱ्या वेळी दवाखान्याचं नाव, गाव आणि पुढे एकच शब्द लिहिला: या.

*

सोमवारी सकाळी, डॉक्टरांच्या आधी, बाबा आले. अंगावर वीज केंद्राचा रेनकोट, हातात बूट, गुडघ्यापर्यंत चिखल. दोन नाले कमरेएवढ्या पाण्यातून चालत ओलांडले होते. मल्लाभाऊ त्यांची पिशवी घेऊन मागे उभा होता. त्याने त्यांना कसं ओळखलं ते मी नंतर विचारलं. तो म्हणाला की डोंग्यातून उतरताना सगळे पाण्याकडे पाहतात, पाय कुठी ठेवाचा म्हणून. हा एकटा काठावरच्या लोकांच्या तोंडाकडे पाहत होता.

बाबांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पायाकडे, मग दोरी धरून नजर कप्पीपर्यंत नेली आणि विटांपर्यंत आणली. ऑपरेटर माणूस. यंत्र नीट चाललंय ना, एवढं बघून घेतलं. मग बसले.

"काऊन रे," ते म्हणाले, "पायलट लोकं पेन्सिलनं पत्र लिवतेत काय?"

पाठीवर पडून वर हात करून बॉलपेन चालत नाही, शाई खाली येत नाही. तिन्ही पत्रं मी पेन्सिलने लिहिली होती. बाबांना पहिल्याच पत्राला शंका आली होती. "हप्ताभर पाणी थांबला नाई, अन् तू रोज उडून राह्यला. तुयी माय म्हणे, जाऊन पाह्यजा. मी म्हटलं, बोलावंल तवा जाऊ." त्यांनी हातातले बूट खाटेखाली ठेवले. "चुकलं माह्यं."

चुकलं त्यांचं नव्हतं हे सांगायला मला शब्द सापडेपर्यंत डॉक्टर आले.

कागद इंग्रजीत होता. बाबांनी तो हळूहळू, बोट ठेवून पूर्ण वाचला. कापण्याचा शब्द आला तिथे बोट थांबलं आणि पुढे गेलं. डॉक्टरांनी पेन दिलं तेव्हा ते त्यांनी माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, पाय तुझा आहे, आधी तू कर. माझी पाठ उठत नव्हती म्हणून त्यांनी कागदाखाली आपला तळहात धरला. मी सही केली. मग त्यांनी त्याखाली केली, आणि नात्याच्या रकान्यात 'वडील' असं मराठीत लिहिलं.

*

पुढचं थोडक्यात. पाय गेला, बाकीचा मी राहिलो. आई आली, मग नागपूरला आणखी चार महिने, मग जयपूरचा पाय. हेलिकॉप्टर पुन्हा उडवलं नाही. बल्लारपूरच्या एका शाळेत पोरांना गणित शिकवलं आणि मधल्या सुट्टीत त्यांना माझा पाय हातात धरायला दिला. पोशय्या पुन्हा ताडावर चढला असं ऐकलं. मल्लाभाऊकडे मी दोनदा गेलो. पहिल्यांदा तो मासळीसाठी नदीने वर गेला होता आणि मला परतायची घाई होती. दुसऱ्यांदा गेलो तोवर उशीर झाला होता.

त्या सोमवारचं तेवढं सांगायचं राहिलं. संध्याकाळी मी शुद्धीवर आलो. तोंड कोरडं, डोकं जड. चादर डाव्या बाजूला जिथे उंच असायला हवी तिथे सपाट होती. मी तिकडे बघायचं टाळलं आणि पायथ्याशी बघितलं, जिथे तो उभा राहायचा. तिथे कुणी नव्हतं. बाबा उशाशी बसले होते.

मल्लाभाऊ कुठे, मी विचारलं.

बाबांनी ओल्या फडक्याने माझे ओठ पुसले. म्हणाले, गेला. तुले आत नेला तवा बाहेर आला अन् मले इचारला, आता जाऊ काय. मी म्हटलं, जा.

काही बोलला?

"तुयाबद्दल नाई." बाबांनी फडकं पिळलं. "माह्यं नाव इचारला. म्हणे, इतके दिवस घाटावर वाट पाह्यली, पण नाव मालूम नव्हतं. मी सांगितलो, दौलत. दोनदा म्हणून पाह्यला, दौलत, दौलत. अन् मंग गेला."